लहान न्यूजग्रुप सर्व्हर उभारताना: लेख कुठे ठेवायचे आणि दार कुणाला उघडायचं

'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा न्यूजग्रुप ज्यांनी नव्वदच्या दशकात वाचला, त्यांना युजनेट, म्हणजे अशा चर्चागटांचं जगभरचं जाळं, काय आहे ते सांगावं लागत नाही. परदेशातल्या विद्यापीठांत शिकणारी मुलं तिथे रोमन लिपीत मराठी लिहीत आणि वाचत. पुढे बहुतेक जण गूगल ग्रुप्सच्या खिडकीतून युजनेट पाहू लागले. २२ फेब्रुवारी २०२४ ला गूगलने ती खिडकी बंद केली, म्हणजे तिथून नवे लेख टाकणं आणि नवे लेख येणं दोन्ही थांबलं. युजनेट मात्र चालूच आहे, कारण ते कुणा एका कंपनीच्या सर्व्हरवर कधी नव्हतंच. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी त्याची कल्पना मांडली तेव्हापासून ते असंच आहे: प्रत्येक ठिकाणी एक सर्व्हर आणि शेजाऱ्यांशी लेखांची देवाणघेवाण. त्यातला एक सर्व्हर तुमचाही असू शकतो. मला ही गोष्ट आजही फार मोलाची वाटते, म्हणून हा लेख.

इथे आपण 'आयएनएन' हे न्यूज सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर वापरणार आहोत. रिच साल्झ यांनी ते लिहिलं, १९९२ मध्ये ते बाहेर आलं आणि आजही त्याची नीट देखभाल होते. उदाहरणं डेबियन लिनक्सची आहेत. तिथे पॅकेजचं नाव 'आयएनएन२' आहे. फायलींची आणि आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची. सेटिंगच्या सगळ्या फायली 'ईटीसी' खालच्या 'न्यूज' डिरेक्टरीत सापडतील.

आपला सर्व्हर फक्त मजकुराच्या ग्रुपांसाठी आहे. चित्रं-चित्रपटांच्या बायनरी ग्रुपांना लागणारी डिस्क आणि बँडविड्थ हा वेगळाच व्यवसाय आहे. त्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

सुरुवातीची दोन कामं

आयएनएनचा सगळा संसार 'न्यूज' नावाच्या युजरच्या मालकीचा असतो. नवखे हमखास अडखळतात ते इथे. रूट म्हणून एखादी आज्ञा चालवली की तयार झालेली फाइल रूटच्या मालकीची होते आणि सर्व्हरला ती उघडता येत नाही. मग लॉगमध्ये 'परवानगी नाही' अशा ओळी दिसतात आणि माणूस भलत्याच फायली तपासत बसतो. आयएनएनची आपली आज्ञा चालवायची असेल तर 'सुडो' ला 'न्यूज' युजरचं नाव देऊनच चालवा. रूट लागतो तो फक्त सेवा चालू-बंद करायला आणि फायलींची मालकी बदलायला.

दुसरं काम 'आयएनएन.कॉन्फ' मधलं. फाइल लांबलचक आहे, पण पहिल्या दिवशी तिच्यातल्या मोजक्याच ओळींना हात लावायचा. 'पाथहोस्ट' म्हणजे तुमच्या सर्व्हरचं नाव. लेख ज्या ज्या सर्व्हरवरून जातो, त्याचं नाव लेखाच्या 'पाथ' या शीर्षओळीत पुढे जोडलं जातं. तुमचं नाव त्या ओळीत आधीच असेल तर शेजारी तो लेख तुम्हाला पुन्हा देऊ करत नाही. त्यामुळे हे नाव जगात दुसऱ्या कुणाचं नसावं. आपल्या डोमेनखालचं पूर्ण नाव द्या आणि एकदा दिल्यावर बदलू नका. 'ऑर्गनायझेशन' मध्ये काय लिहायचं ते तुमच्यावर, पण ते तुमच्या सर्व्हरवरून जाणाऱ्या लेखांवर दिसतं हे लक्षात ठेवून लिहा.

'मॅक्सआर्टसाइझ' ही लेखाच्या आकाराची कमाल मर्यादा मुळात १०,००,००० बाइट आहे, ती राहू द्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे तेवढ्याच अक्षरांचा मराठी लेख इंग्रजीच्या जवळपास तिप्पट भरतो. तरीही या मर्यादेत एक छोटं पुस्तक बसेल.

साठवण: पहिला लेख येण्याआधी ठरवायची गोष्ट

साठवणीचा निर्णय नंतरही बदलता येतो, पण बदल फक्त नव्या लेखांना लागू होतो. जुने लेख जिथे पडले तिथेच राहतात. लेख आला की आयएनएन त्याला एक टोकन देतं. हा लेख कोणत्या पद्धतीने, कोणत्या वर्गात, कुठे ठेवला आहे हे त्या टोकनात लिहिलेलं असतं. 'हिस्टरी' नावाच्या फायलीत लेखाच्या ओळखक्रमांकासमोर ते नोंदवलं जातं. पुढे तुम्ही साठवणीची जुनी जागा मोडीत काढली तर टोकन उरतं आणि लेख जातो. म्हणून थोडा वेळ इथे घालवा.

पद्धती मुख्यतः चार आहेत. त्यांपैकी 'टाइमहॅश' आणि 'टाइमकॅफ' या दोन, लेख आल्याच्या वेळेनुसार रचतात. लहान सर्व्हरला त्यांची गरज पडत नाही. खरी निवड 'ट्रॅडस्पूल' आणि 'सीएनएफएस' यांच्यात आहे.

ट्रॅडस्पूल ही सगळ्यात जुनी आणि डोळ्यांना दिसणारी पद्धत. ग्रुपच्या नावात टिंबांनी तोडलेल्या प्रत्येक भागाची एक डिरेक्टरी होते: 'सॉक', त्यात 'कल्चर', त्यात 'इंडियन', त्यात 'मराठी', आणि आत १, २, ३ अशा क्रमांकांच्या फायली. एक लेख म्हणजे एक फाइल. ती कोणत्याही एडिटरने वाचता येते, बॅकअप घेणं सोपं, एखादा लेख शोधणंही सोपं. शिकायला याहून चांगली पद्धत नाही.

तिचा त्रास वेगळ्याच ठिकाणी आहे. लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक फायलीला एक आयनोड, म्हणजे तिची नोंद ठेवणारा खण, लागतो आणि ईएक्सटी४ मध्ये आयनोडची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. मुळातलं प्रमाण १६ केबीला एक आयनोड असं आहे. म्हणजे १० जीबीच्या विभाजनात ६,५५,३६० फायली मावतील. मजकुराचा साधा लेख तर दोन-चार केबीचाच असतो, त्यामुळे डिस्क अर्धीसुद्धा भरलेली नसताना आयनोड संपतात आणि यंत्र 'जागा नाही' म्हणून लेख नाकारायला लागतं. 'डीएफ' पाहिलं तर जागा भरपूर दिसते. 'डीएफ' ला 'आय' हा पर्याय देऊन पाहिलं की खरं कारण कळतं. स्पूलसाठी, म्हणजे लेख साठवण्याच्या जागेसाठी, वेगळं विभाजन करणार असाल तर ईएक्सटी४ फॉरमॅट करताना प्रकार 'न्यूज' असा द्या. फॉरमॅट करणाऱ्या आज्ञेला हा शब्द माहीत आहे, आणि मग ४ केबीला एक आयनोड मिळतो. फाइलसिस्टिम लिहिणाऱ्यांनी युजनेटसाठी खास सोय करून ठेवली होती, यावरून त्या काळी न्यूज सर्व्हर किती घरोघरचे होते ते कळतं. एक्सएफएस वापरत असाल तर ही चिंता नाही, तिथे आयनोड लागतील तसे तयार होतात.

सीएनएफएसमध्ये आधीच एक मोठी, ठरावीक आकाराची फाइल तयार करून ठेवायची. तिला बफर म्हणतात. लेख एकामागोमाग एक तिच्यात भरत जातात आणि शेवट आला की सर्व्हर पुन्हा सुरुवातीला जाऊन सगळ्यात जुन्या लेखांवर नवे लिहू लागतो, रहाटगाडग्यासारखा. डिस्क कधीच ओसंडत नाही, आयनोडचा प्रश्न नाही, जुने लेख पुसायला वेगळं काम नाही. पण कोणता लेख किती दिवस टिकेल हे तुमच्या हातात राहत नाही, बफर किती मोठा आणि लेख किती येतात यावर ते ठरतं. रोज २० एमबी मजकूर येत असेल तर २ जीबीचा बफर साधारण शंभर दिवसांनी पहिल्या फेरीचे लेख पुसायला घेईल. कुणी एका रात्रीत कचऱ्याचा पूर आणला तर तेवढे चांगले लेख लवकर जातात.

माझा सल्ला दोन्ही वापरण्याचा आहे. तुमच्या स्वतःच्या मंडळींचे स्थानिक ग्रुप ट्रॅडस्पूलमध्ये, कारण ते लेख जगात दुसरीकडे कुठेही नसतात. बाहेरून येणारे ग्रुप सीएनएफएसमध्ये. ते हरवले तरी दुसऱ्या सर्व्हरवर असतात.

बफर तयार करणं आणि वर्ग लिहिणं

स्पूलमधल्या 'सायकबफ्स' डिरेक्टरीत 'डीडी' आज्ञेने शून्यांनी भरलेली फाइल करा. १ एमबीचे २०४८ तुकडे घेतले की २ जीबी झाले. तिची मालकी 'न्यूज' ला द्या. मग 'सायकबफ.कॉन्फ' मध्ये एक ओळ लिहा: 'सायकबफ' हा शब्द, बफरचं नाव, फायलीचा पूर्ण पत्ता आणि आकार, मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब. आकार केबीमध्ये हवा, म्हणजे २ जीबीसाठी २०९७१५२. बफरचं नाव सात अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. त्याखाली 'मेटासायकबफ' ची ओळ, जिच्यात एक किंवा अनेक बफर एका नावाखाली बांधायचे. पुढे जागा वाढवायची झाली तर नवा बफर करून याच ओळीत शेवटी जोडता येतो, म्हणून एकच बफर असला तरी ही ओळ लागते. ओळीच्या शेवटी 'सिक्वेन्शियल' लिहा, म्हणजे एक भरल्यावर दुसरा घेतला जातो. काहीच लिहिलं नाही तर लेख आळीपाळीने सगळ्या बफरांत पडतात.

आता 'स्टोरेज.कॉन्फ'. इथे प्रत्येक नोंद 'मेथड' या शब्दाने सुरू होते, पुढे पद्धतीचं नाव, आणि महिरपी कंसात तिचे तपशील: कोणते ग्रुप, वर्गाचा क्रमांक, हवी असल्यास लेखाच्या आकाराची मर्यादा. सीएनएफएस असेल तर 'ऑप्शन्स' मध्ये मेटासायकबफचं नाव. वर्गाचा क्रमांक ० ते २५५ मधला, प्रत्येक नोंदीला वेगळा.

ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी नोंद लागू होते. म्हणून स्थानिक ग्रुपांची ट्रॅडस्पूलची नोंद वर, आणि 'सगळं' सांगणाऱ्या ताऱ्याची सीएनएफएसची नोंद शेवटी. उलट लिहिलंत तर तारा सगळं गिळेल आणि तुमचे जपून ठेवायचे लेख रहाटगाडग्यात पडतील. ताऱ्याची नोंद गाळूही नका. कोणत्याच नोंदीत न बसणारा लेख आयएनएन स्वीकारतच नाही.

मी आणखी एक नोंद मध्ये ठेवतो: ६४ केबीपेक्षा मोठ्या लेखांसाठी वेगळा, लहान बफर. मजकुराच्या ग्रुपात एवढा लेख क्वचित येतो, आणि आलाच तर बहुधा कुणीतरी चुकीच्या ठिकाणी चित्र टाकलेलं असतं. त्याने इतरांच्या गप्पांची जागा खाऊ नये. ही नोंदही ताऱ्याच्या वर हवी.

'स्टोरेज.कॉन्फ' किंवा 'सायकबफ.कॉन्फ' बदलल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, नुसतं 'रीलोड' पुरत नाही.

ओव्हरव्ह्यू

वाचकाला ग्रुप उघडल्यावर विषय, लेखक, तारीख अशी यादी दिसते. ती लेख उघडून तयार होत नाही, ओव्हरव्ह्यू नावाच्या वेगळ्या नोंदींतून येते. पद्धत 'आयएनएन.कॉन्फ' मधल्या 'ओव्हमेथड' मध्ये ठरते. 'ट्रॅडइंडेक्स्ड' प्रत्येक ग्रुपसाठी दोन फायली ठेवते आणि वाचायला वेगवान आहे. लहान सर्व्हरसाठी मी तीच घेतो. २०२२ मध्ये आलेल्या २.७ आवृत्तीपासून 'ओव्हएसक्यूलाइट' ही नवी पद्धतही मिळते. पद्धत पुढे बदलली तर सगळा ओव्हरव्ह्यू 'मेकहिस्टरी' ला 'मोठा ओ' पर्याय देऊन नव्याने बांधावा लागतो, म्हणून ठरवायचं ते आत्ताच.

लेख किती दिवस ठेवायचे

हे 'एक्सपायर.सीटीएल' सांगते. एका ओळीत पाच भाग असतात: ग्रुपांचा नमुना, एक अक्षर ('ए' म्हणजे सर्व प्रकारचे ग्रुप), आणि दिवसांचे तीन आकडे. मधला आकडा साध्या लेखांसाठी. लेखकाने स्वतःच 'एक्सपायर्स' ही शीर्षओळ घातली असेल तर ती तारीख पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मर्यादेत पाळली जाते. दिवसांऐवजी 'नेव्हर' लिहिलं की लेख कधीच जात नाही.

इथे नियम 'स्टोरेज.कॉन्फ' च्या बरोबर उलटा आहे: शेवटची जुळणारी ओळ लागू होते. म्हणजे ताऱ्याची ओळ वर आणि विशेष ग्रुप खाली. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन शेजारच्या फायलींत दोन दिशा, त्यामुळे गोंधळ व्हायचाच. मी दोन्ही फायलींच्या माथ्यावर '#' देऊन 'पहिली जिंकते' आणि 'शेवटची जिंकते' असं लिहून ठेवतो.

मूळ फायलीत ताऱ्यासमोर १, १० आणि 'नेव्हर' असं असतं. साध्या लेखाला दहा दिवस. माझ्या पहिल्या सर्व्हरवर मी हे न पाहता मित्रांसाठी ग्रुप उघडला. दोन आठवड्यांनी एकाने विचारलं, 'अरे, माझा तो लांबलचक प्रवासाचा लेख कुठे गेला?' रात्रीच्या 'न्यूज.डेली' या कामाने तो नियमाप्रमाणे पुसला होता. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून स्थानिक ग्रुप उघडण्याआधी मी फायलीच्या शेवटी त्यांची ओळ घालतो, तिन्ही ठिकाणी 'नेव्हर'.

सीएनएफएसमधले लेख आपोआप मिटतात, त्यामुळे या फायलीतले दिवस त्यांना सहसा लागू होत नाहीत. मात्र 'रिमेंबर' ची ओळ सगळ्यांसाठी आहे, ती काढू नका. मिटलेल्या लेखाचा ओळखक्रमांक किती दिवस लक्षात ठेवायचा ते तिच्यात आहे. आयएनएन मुळात १० दिवसांपेक्षा जुना लेख घेत नाही, म्हणून इथे ११ असावेत. नाहीतर मिटलेला लेख शेजाऱ्याकडून नवा म्हणून परत येऊ शकतो.

दार कुणाला उघडायचं

दोन प्रकारची माणसं दार वाजवतात. शेजारचे सर्व्हर 'इनकमिंग.कॉन्फ' मध्ये नोंदवायचे, बाकी सगळे वाचक. जोडणी आली की 'आयएनएनडी' हा आयएनएनचा मुख्य प्रोग्रॅम आधी 'इनकमिंग.कॉन्फ' पाहतं. पत्ता तिथे नसेल तर जोडणी 'एनएनआरपीडी' या वाचकांच्या प्रोग्रॅमकडे जाते आणि तो 'रीडर्स.कॉन्फ' उघडतो. वाचकांच्या संगणकांचे पत्ते 'इनकमिंग.कॉन्फ' मध्ये टाकण्याची चूक करू नका, तिथे फक्त ज्यांच्याशी लेखांची देवाणघेवाण ठरली आहे ते सर्व्हर. असा शेजारी मिळवायला 'न्यूज.ॲडमिन.पीअरिंग' या ग्रुपवर नम्रपणे विचारावं. मजकुराचे ग्रुप द्यायला तयार असलेले लोक तिथे भेटतात.

'रीडर्स.कॉन्फ' चं मन समजून घ्या, मग फाइल सोपी आहे. तिच्यात दोन प्रकारचे गट असतात. 'ऑथ' गट ठरवतो की आलेला माणूस कोण. 'ॲक्सेस' गट ठरवतो की त्या ओळखीला काय करता येईल. दोन्ही शेवटाकडून सुरुवातीकडे तपासले जातात, म्हणजे इथेही शेवटची जुळणी जिंकते. आणि 'ॲक्सेस' गटांची बेरीज होत नाही. शेवटचा जुळणारा एकच गट लागतो. वरच्या गटात दिलेली परवानगी खालच्या गटात पुन्हा लिहिली नाही तर ती गेली.

मी तीन पायऱ्या ठेवतो, आणि फायलीत त्या सर्वसाधारणाकडून खासकडे अशाच क्रमाने येतात.

पहिली, बाहेरून येणारे. 'ऑथ' गटात 'होस्ट्स' समोर तारा, आणि 'ऑथ' ओळीत 'सीकेपासडब्ल्यूडी' हा तपासनीस, त्याला पासवर्डच्या फायलीचा पत्ता. त्या फायलीत दर ओळीला नाव, दोन टिंब आणि कूटबद्ध पासवर्ड. तो 'ओपनएसएसएल' च्या 'पासडब्ल्यूडी' आज्ञेला '-६' देऊन मिळतो. फाइल 'न्यूज' युजरखेरीज कुणाला वाचता येऊ नये. याच गटात 'रिक्वायर_एसएसएल' ला 'ट्रू' द्या. न्यूजच्या नेहमीच्या पोर्ट ११९ वर पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, मधला कुणीही तो वाचू शकतो. एनक्रिप्टेड जोडणीसाठी 'एनएनआरपीडी' पोर्ट ५६३ वर वेगळा चालवायचा आणि प्रमाणपत्र व किल्लीचे पत्ते 'आयएनएन.कॉन्फ' मधल्या 'टीएलएस' च्या ओळींत द्यायचे. किल्लीची फाइलही 'न्यूज' ला वाचता आली पाहिजे. आपोआप नूतनीकरण होणारी प्रमाणपत्रं रूटच्या मालकीची असतात, तेव्हा नूतनीकरणानंतर प्रत काढून मालकी बदलणारी छोटी स्क्रिप्ट लावून ठेवा.

दुसरी, घरचं किंवा कॉलेजचं जाळं. 'होस्ट्स' मध्ये '१९२.१६८.१.०/२४' असा पट्टा आणि 'डीफॉल्ट' मध्ये एक ठरावीक ओळख. पासवर्ड नाही.

तिसरी, सर्व्हर स्वतः. ही नोंद मूळ फायलीत असते, ती शेवटी राहील एवढं पाहा.

मग प्रत्येक ओळखीसाठी 'ॲक्सेस' गट. 'न्यूजग्रुप्स' ऐवजी 'रीड' आणि 'पोस्ट' अशा दोन वेगळ्या ओळी लिहिलेल्या मला बऱ्या वाटतात, कारण बाहेरचा माणूस सगळं वाचू शकेल पण काही ठरावीक ग्रुपांतच लिहू शकेल, असं सांगता येतं. नमुन्यातही शेवटची जुळणी जिंकते: 'तारा, मग उद्गारचिन्हासह जंक' म्हणजे जंक (अनोळखी ग्रुपांचे लेख जिथे पडतात तो ग्रुप) सोडून सगळं. उलट क्रमाने लिहिलं तर जंकही उघडतं. परवानगीच्या अक्षरांपैकी 'आर' म्हणजे वाचन, 'पी' म्हणजे लेखन. 'ए' म्हणजे नियंत्रित ग्रुपांत स्वतःच मंजुरी लावून लिहिण्याचा अधिकार. मूळ नोंदीतलं 'आरपीए' नकलून सगळ्यांना देणं ही नेहमीची चूक आहे. 'ए' फक्त नियंत्रकाला द्या.

पासवर्डशिवाय लिहू देणारा सर्व्हर इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका. कचरा टाकणारे तो शोधून काढतात, आणि मग शेजारी तुमचे सगळे लेख नाकारायला लागतात, तुमच्या भल्या वाचकांचेसुद्धा.

'रीडर्स.कॉन्फ' प्रत्येक नव्या जोडणीला वाचली जाते, त्यामुळे बदलानंतर सर्व्हर थांबवावा लागत नाही.

तपासणी

आधी 'आयएनएनचेक' चालवा. फायलींतल्या चुका आणि मालकीचे घोळ ते सांगतं. मग सर्व्हर चालू करून 'सीटीएलआयएनएनडी' च्या 'न्यूग्रुप' ने एक स्थानिक ग्रुप उघडा आणि टेलनेटने पोर्ट ११९ ला जोडा. स्वागताला २०० आलं तर लिहिता येतं, २०१ आलं तर फक्त वाचता येतं. ग्रुपचं नाव दिल्यावर २११ यायला हवं, ४११ म्हणजे तसा ग्रुप नाही. लेख टाकल्यावर २४० म्हणजे स्वीकारला, ४४१ म्हणजे नाकारला, आणि कारण त्याच ओळीत लिहिलेलं असतं. ४८० म्हणजे आधी ओळख सांगा, ४८१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, ४८३ म्हणजे एनक्रिप्टेड जोडणीने या. हीच तपासणी घरच्या जाळ्याबाहेरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून आणि पोर्ट ५६३ वरून पुन्हा करा. पायऱ्यांचा क्रम चुकला असेल तर तो इथेच उघडा पडतो.

विषय मराठीत लिहून एक लेख टाका आणि दुसऱ्या वाचकप्रोग्रॅममध्ये उघडा. अक्षरं फुटली तर दोष सहसा सर्व्हरचा नसतो. लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यूटीएफ-८ निवडलेलं आहे का ते पाहा.

महिनाभराने 'सीएनएफएसस्टॅट' ला 'ए' पर्याय देऊन चालवा. बफर किती भरला, त्याची कितवी फेरी चालू आहे आणि त्यातला सगळ्यात जुना लेख केव्हाचा आहे, ते तो दाखवतो. पहिली फेरी महिन्याच्या आत संपली असेल, तर दुसरा बफर तयार करून मेटासायकबफच्या ओळीत जोडा आणि सर्व्हर पुन्हा चालू करा.